आमचे नवे नगर उद्यान: सायंकाळी उत्तम, दुपारी कुलूपबंद

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी नगरपंचायतीने उभारलेले उद्यान आता खुले झाले असून, मुलाबाळांना घेऊन तेथे जावे का, अशी विचारणा अनेकांकडून होते. सायंकाळचे दोन तास घालवायचे असतील तर अवश्य जावे. चालण्याची वाट रुंद आहे, वृद्धांना पाठ टेकता येईल अशी बाके आहेत, व्यायामाची साधने शाबूत आहेत आणि स्वच्छतागृहात चक्क पाणी असते. प्रवेश शुल्क माणशी दहा रुपये आहे.

झाडांच्या निवडीबाबत मात्र एवढे चांगले लिहिता येत नाही. कुंपणालगत कोनोकार्पसची रांग लावली आहे. हे झाड झपाट्याने वाढते व बारमाही हिरवे दिसते, त्यामुळे कंत्राटदारांना ते सोयीचे वाटते. परंतु परागकणांमुळे होणारे श्वसनाचे त्रास आणि भूमिगत वाहिन्यांना मुळांमुळे पोहोचणारी इजा लक्षात घेऊन गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मधला मोठा भाग हिरवळीने व्यापला आहे आणि ज्या उन्हाळ्यात आमच्या नळांना दिवसाआड पाणी येते, त्याच उन्हाळ्यात ती रोज भिजवावी लागते. कडुनिंब व करंज ही आपल्याकडची झाडे एका कोपऱ्यात मोजकीच आहेत. वास्तविक करंजाला चैत्रात नवी पालवी फुटते आणि ऐन वैशाखात त्याची दाट सावली पडते, हे येथील कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. पण त्यासाठी कोणी विचारायला हवे होते.

उद्यानाची वेळ सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते रात्री आठ अशी आहे. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणे नवलाचे राहिलेले नाही, आणि नेमक्या त्या प्रहरी येथील एकमेव सार्वजनिक सावलीला कुलूप असते. आठवडी बाजारात डोक्यावर पदर ओढून भाजी विकणाऱ्या बाया, एसटीची वाट पाहणारे खेड्यापाड्यांतील लोक, बांधकामावरचे मजूर यांना सावली हवी असते ती बारा ते चारच्या दरम्यान. ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांच्या फिरण्याच्या वेळेनुसार हे वेळापत्रक आखले गेले आहे, असे म्हणणे भाग आहे.

जागेचेही तसेच. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडायच्या जमिनीत, दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. आमचे उद्यान अशाच एका खुल्या जागेवर, नव्या प्लॉटधारकांच्या वस्तीत झाले आहे. नियम चांगला आहे, मात्र तो नव्याने पाडलेल्या लेआउटपुरता चालतो. जुन्या गावठाणात आणि नाल्याकाठच्या मजूर वस्तीत सोडायला जागाच उरलेली नसते. त्यामुळे हिरवाई प्लॉटच्या किमतीमागून जाते आणि टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांच्या वाट्याला, त्यांनी कर भरूनही, ती येत नाही.

गावात ग्रामपंचायत होती तोवर हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येत असत. तेथे गोंधळ होई, कोरम अपुरा पडे, तरीही सरपंचाला सर्वांसमक्ष उत्तर द्यावे लागे. नगरपंचायत झाली आणि ग्रामसभा गेली. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभागाच्या पातळीवर काम पाहणाऱ्या प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्या. आमच्यासारख्या लहान गावाला त्यांचाही आधार नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने त्या जंगलाचा कारभार करते. त्याच विदर्भातल्या तालुक्याच्या गावाला एका बागेत कोणते झाड लावावे हे ठरवता येत नाही, याला काय म्हणावे?

हरकतीची सोय नाही असे नाही. नगररचना अधिनियमानुसार, कोणती जागा कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांत हरकती व सूचना देता येतात. आमच्याकडे ते प्रसिद्ध झाले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते, नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला होता आणि आरक्षणाचा कोणता रंग कशासाठी हे समजावून सांगायला तेथे कोणी नव्हते. अशा स्थितीत मजूर वस्तीतून हरकत आली नाही, तर ती लोकांची संमती धरता येत नाही.

देखभाल व स्वच्छता पाहून मी या उद्यानाला पाचपैकी तीन गुण देतो. उरलेले दोन वेळ आणि जागा यांसाठी राखून ठेवले आहेत. दुसऱ्या टप्प्यात कारंजे बसवण्याचा विचार असल्याचे कळते. त्याऐवजी दुपारच्या पाळीला एक चौकीदार नेमावा, बाजाराच्या दिवशी शुल्क घेऊ नये आणि बाजारतळाच्या कडेने कडुनिंब व करंज लावून त्यांची जागा भाजी विकणाऱ्या बायांनाच विचारून ठरवावी, असा अर्ज आम्ही काही रहिवाशांनी कार्यालयात दिला आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी कारंज्याची निविदा निघण्यापूर्वी करावी.