बागेच्या नावावर १,५१,९०० रुपये गेले

गोव्यात फोंड्याजवळ आमची कॉलनी. तिथल्या ओपन स्पेसमधली बाग पूर्वी संध्याकाळी गजबजलेली असायची. मग झोपाळ्याची साखळी गंजून तुटली, घसरगुंडीला भोक पडलं, वाढलेल्या गवतात साप दिसला आणि मुलं यायची थांबली. म्हणून एप्रिलमध्ये वर्गणी काढली. १,८६,५०० रुपये जमले. खजिनदार मी.

ठेकेदार ओळखीतून आला. "पावसाच्या आत लॉन बसायला हवं काका, नाहीतर वर्ष गेलं." हे खरंच होतं, म्हणून पटलं. साठ टक्के आगाऊ, म्हणजे १,११,९०० दिले. आठवड्याने फोन: खेळण्यांचा ट्रक कोल्हापुरात अडकलाय, ४०,००० लगेच पाठवा. पाठवले. खात्यावरचं नाव भलतंच होतं, तरी पाठवले.

पण शहाणं व्हायची वेळ त्याआधीच येऊन गेली होती. पहिल्या रकमेची पावती माझ्या हातात होती. पत्ता म्हापशाचा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, गोव्याचा ३० ने सुरू होतो. हा २७ ने, म्हणजे महाराष्ट्राचा, आणि अक्षरं १४! तीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाने चष्मा लावून ती पावती वाचली आणि फायलीत लावली. अजून झोप लागत नाही. समितीतल्या चौघांनीही ती पाहिली होती, कोणी हटकलं नाही. आता मात्र बोट माझ्याकडे. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला मिनिट लागतं. बघा.

लॉन दहा दिवसांत पिवळं पडलं. कडा उचलली तर खाली माती नाही, नुसती खडी. फोन बंद. खेळणी आलीच नाहीत.

पोलीस म्हणाले, "थोडं काम केलंय ना? मग हा दिवाणी वाद, वकील बघा." सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० वर, मी चौथ्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं. तुम्ही त्याच तासाला करा. स्थानिक कार्यालयात तीन अर्ज दिले, तिन्हींवर इनवर्डचा शिक्का, उत्तर एकाचंही नाही. तोंडी सांगतात, जागा आमच्या ताब्यात नाही. मग निवडणुकीआधी त्याच बागेत बाकं बसवून त्यांवर नावं रंगवली, तेव्हा ताबा कोणाचा होता? घरपट्टी घेताना कोणाचा असतो? आणि हो, काम होईल तसेच पैसे द्या, ठेकेदार कितीही ओळखीचा असो.

उरलेल्या ३४,६०० मधून माती टाकली, वेल्डर बोलावून जुनाच झोपाळा जोडून घेतला. पाऊस लागल्यावर बायकांनी आपापल्या परसातली हरळी आणून लावली, ती धरली. मुलं परत येतात.

हिशेबाची वही घेऊन मी घरोघर गेलो. कोपऱ्यावरच्या आजींनी पेन्शनमधून ५०० दिले होते, ते माझ्या खिशातून परत करायला काढले. त्यांनी घेतले नाहीत.