लाइट गेल्यावर पाणी कुठे जाईल, हे आधी विचारणारा टाकीवाला

मानपाड्याला आमच्या हॉलमध्ये पाच फुटी माशांची टाकी बसवून आता आठ महिने होतील. काम ठाण्यातल्याच एका टाकीवाल्या दादांनी केलं. नुसती काच जोडून दिली असं नाही, आखणी, स्टँड, पाइप सगळं त्यांचं.

आधीचा अनुभव सांगते, म्हणजे मी इतकी बारकाईने का लिहितेय ते कळेल. 2019 साली दुसऱ्या एका दुकानातून चार फुटी टाकी घेतली होती, खाली सम्प असलेली, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी छोटी टाकी. गणपतीत आम्ही चिपळूणला गेलो आणि इकडे रात्री लाइट गेली. पंप बंद पडला. पाणी वर नेणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत पाच इंच खोल होतं, तेवढं सगळं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली आलं. चार बाय दीडच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर. पाच इंचांचा हिशोब तुम्हीच करा. सम्पमध्ये तेवढी जागाच नव्हती. खालच्या काकूंच्या छताचा रंग मी करून दिला, पण त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी जे दिसलं ते अजून विसरता येत नाही. टाकी काढूनच टाकली.

म्हणून या वेळी मी पुन्हा टाकी घ्यायला गेले तेव्हा दादांचा पहिला प्रश्न ऐकून तिथेच बसले. "ताई, मासे कुठले ते नंतर बघू. लाइट गेल्यावर पाणी कुठे जाणार ते आधी ठरवू." कागद घेतला आणि पाच बाय दोन बाय दोनचा हिशोब मांडला. काठोकाठ 566 लिटर. एक इंच पातळी म्हणजे जवळजवळ 24 लिटर. सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या परतीच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली जेमतेम एक इंच ठेवायचं, म्हणजे पातळी तेवढी उतरली की पाइपात हवा शिरते आणि पाणी येणं थांबतं. सम्प 140 लिटरचा, त्यात चालू असताना 80 च भरायचं. उरलेली जागा लाइट गेल्यावरच्या पाण्याची. मी पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हबद्दल विचारलं, तर म्हणाले, त्यात एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो, त्याच्या भरवशावर घर सोडून जायचं नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. पाणी, काच, वाळू, दगड, स्टँड, सम्प मिळून साडेआठशे किलोच्या वर जातं, आणि तेही एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. भार पूर्ण खोलीवर वाटलेला धरतात, त्यामुळे जास्त वजन ठेवताच येत नाही असं नाही, पण कुठे ठेवायचं ते इंजिनीअरने बघायला हवं. दादांनी इंजिनीअरचा कागद हातात येईपर्यंत माझ्याकडून आगाऊ रक्कम घेतली नाही. मला खिडकीशेजारी हवी होती. इंजिनीअरनी बीमवरची भिंत दाखवली, तिथे ठेवली.

पाइपांसाठी काचेला भोकं पाडताना मी मुद्दाम त्यांच्या गाळ्यावर गेले होते. बारा मिलीमीटरची साधी काच, कारण टफन केलेली काच ड्रिल लागला की चुरा होते. काचेवर पुट्टीचं गोल आळं केलं, त्यात पाणी, आणि त्यात हिऱ्याची कड असलेला बिट. हात अजिबात दाबायचा नाही. पांढरं दुधासारखं पाणी वर येत राहिलं आणि शेवटी काचेची एक वाटोळी चकती हातात पडली. ती मी मागून घेतली, देवघरात दिव्याखाली ठेवते.

टाकीतलं पाणी खाली सम्पमध्ये नेणारे मागे तीन पाइप आहेत. पहिला पूर्ण पाण्याने भरून वाहतो, त्यावर धार कमीजास्त करायचा गेट व्हॉल्व्ह, त्यामुळे आवाज नाही. दुसऱ्यातून नुसती धार. तिसरा थोडा उंच आणि कायम कोरडा, अडचणीसाठी. गेट व्हॉल्व्ह जुळवायला दादांनी पाऊण तास घेतला, केसभर फिरवायचा, थांबायचं, कान लावायचा. घोंघावणारा आवाज अचानक थांबला तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मार्चमध्ये वह्या तपासत बसले होते तर दुसऱ्या पाइपात गुळगुळ सुरू झालं. बघितलं तर व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं एक लांब पान पहिल्या पाइपाच्या जाळीवर आडवं बसलं होतं. पान काढलं, व्हॉल्व्हला हात लावायची गरजही पडली नाही.

पाइप सगळा पांढरा यूपीव्हीसी, पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने फिरवून सुटणारे जोड, त्यामुळे पंप धुवायला काढायचा तर करवत लागत नाही. पाणी बदलायला वेगळा नळ दिलाय, त्याला नळी लावली की पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

आता तक्रारी. तीन आठवडे उशीर झाला आणि फोन करून सांगितलं नाही, प्रत्येक वेळी मीच केला. कॅबिनेटची खालची फळी कमर्शियल प्लायची निघाली, दोन महिन्यांत कड फुगली. सांगितल्यावर मरीन प्लाय लावून दिली, पैसे घेतले नाहीत, पण मुळात पाण्याशेजारी ती लावायचीच नव्हती. एका युनियनची ओ-रिंग, म्हणजे आतली रबरी कडी, पिळली गेली होती, तिथून थेंब यायचा. ती मात्र फोन केल्याच्या संध्याकाळी येऊन बदलली.

खर्च स्टँड, सम्प, पंप, पाइप धरून 88 हजार झाला. स्वस्त नाही.

घोडबंदर पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी एक सांगते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो तेव्हा नळाचं पाणी पूर्ण वेगळं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या मीटरवर एरवी 80 च्या आसपास दिसतं, टँकरच्या दिवशी 600 च्या वर गेलं होतं. दादांनी आधीच सांगितलेलं, म्हणून 100 लिटरचा एक ड्रम भरून ठेवला होता. मेमध्ये पाण्यावर फुंकणारे दोन छोटे पंखे लावले की रोज बादलीभर पाणी उडून जातं, ते त्या ड्रममधून भरलं. एंजल मासे सगळे ठीक राहिले.

जूनच्या पहिल्या पावसात रात्री दीड तास लाइट नव्हती. मी टॉर्च घेऊन सम्पसमोर जमिनीवर बसले. दादांनी काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. पाणी हळूहळू चढलं, रेघेच्या बोटभर खाली थांबलं. खालच्या काकूंना मी सकाळी स्वतःहून सांगायला गेले.