दोन सारख्याच पॉवर बँका : सहा महिन्यांच्या वापरानंतर

ज्या दोन पॉवर बँकांविषयी येथे लिहीत आहे, त्या दोन्ही १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते याचे माप) क्षमतेच्या आहेत. दोन्हींना एक टाइप-सी आणि एक जुने यूएसबी-ए पोर्ट आहे, दोन्हींचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि दोन्ही गेले सहा महिने आमच्या घरात जवळजवळ रोज वापरल्या जात आहेत. पहिली मी माझ्यासाठी नऊ संध्याकाळी खर्चून निवडली. दुसरी धाकट्या बहिणीसाठी अर्ध्या तासात घेतली. वस्तू म्हणून दोन्ही चांगल्या आहेत आणि दोन्हींविषयी माझी मोठी तक्रार नाही. उत्पादकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मला जे सांगायचे आहे ते या वर्गातील जवळजवळ कोणत्याही दोन वस्तूंना लागू पडते.

त्या नऊ संध्याकाळी काय केले, ते आधी सांगते. मी एक तक्ता केला होता, त्यात अकरा मॉडेल होती आणि शेवटी शेवटी चौदा रकाने झाले होते. एकाची कमाल शक्ती २२.५ वॅट, दुसऱ्याची २०. एकाला ग्राहकांनी सरासरी ४.४ तारे दिलेले, दुसऱ्याला ४.३, एकावर शिल्लक चार्जिंगचा आकडा दिसतो, तर दुसऱ्यावर चार लहान दिवे लागतात. दर संध्याकाळी एखादा नवा रकाना वाढे आणि त्या रकान्यामुळे आदल्या दिवशी वर आलेले मॉडेल खाली जाई. सहाव्या संध्याकाळपर्यंत अकरापैकी पाच मॉडेल अशी उरली होती की त्यांतले कोणतेही कोणी माझ्या हातात ठेवले असते, तरी मी समाधानाने वापरले असते. निवड खरे तर तिथेच संपली होती. पुढच्या तीन संध्याकाळी मी केवळ उरलेल्या पाचांचा क्रम लावत बसले होते आणि तो क्रम लावणे म्हणजेच निवड करणे, असे मला वाटत होते.

तक्त्यातला सर्वांत ठळक रकाना क्षमतेचा होता, आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा ठरला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले १०,००० एमएएच हे आतल्या लिथियम सेलचे माप असते, आणि ते साधारण ३.७ व्होल्टला मोजलेले असते. ऊर्जेच्या हिशेबात, म्हणजे एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागले की, ते ३७ वॅट-तास होतात. फोनकडे वीज जाते ती मात्र ५ किंवा त्याहून अधिक व्होल्टने, आणि हा व्होल्ट वाढवणाऱ्या परिपथात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. म्हणून त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाने एक लहान आकडा दिलेला असतो, आणि प्रत्यक्षात हाती येते ते तेवढेच. माझ्या पॉवर बँकेवर तो ५ व्होल्टला ६,००० एमएएच आहे, बहिणीच्या पॉवर बँकेवर ६,२००. या दोनशेच्या फरकावर एरवी मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली असती. हिशेब केला तर तो फरक एका वॅट-तासाचा भरतो. आजच्या साधारण फोनची ५,००० एमएएचची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची असते, म्हणजे हा फरक फोनच्या जेमतेम ५ टक्के चार्जिंगइतका झाला. दोन्ही पॉवर बँका फोन एकदा पूर्ण भरतात आणि दुसऱ्या वेळी साधारण अर्धा भरतात. सहा महिन्यांत यात कधीही वेगळे काही दिसले नाही.

वॅटच्या रकान्याचीही हीच गत झाली. पॉवर बँक कमाल किती शक्ती देऊ शकते हे तिच्यावर छापलेले असले, तरी प्रत्यक्षात किती घ्यायची हे फोन ठरवतो. दोन्ही उपकरणांना समान असलेल्या चार्जिंग पद्धतीपलीकडे ते जाऊ शकत नाहीत. २२.५ वॅटचा आकडा बहुतेक वेळा काही ठरावीक पद्धतींतच आणि पुष्कळदा यूएसबी-ए पोर्टवरच मिळतो. माझा फोन पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, या टाइप-सी पोर्टवरच्या वेगळ्या पद्धतीने चार्ज होतो, त्यामुळे जो आकडा पाहून मी पहिली पॉवर बँक घेतली तो माझ्या फोनने एकदाही वापरलेला नाही. त्यातच बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचली की फोन स्वतःच वेग कमी करतो, म्हणून सुरुवातीचा थोडासा फरकही शेवटच्या टप्प्यात विरून जातो. दोन्हींवर एकच फोन आलटून पालटून चार्ज करून पाहिला, तेव्हा फरक काही मिनिटांचाच आढळला.

सारख्या वस्तूंतून निवड करताना एवढी दमछाक का होते, याचे उत्तर मला एडवर्ड फ्रेडकिन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विरोधाभासात सापडले. दोन पर्याय जितके अधिक तुल्यबळ, तितकी त्यांच्यातली निवड अवघड. आणि नेमक्या त्याच प्रमाणात ती निवड कमी महत्त्वाची, असा त्याचा आशय आहे. हे वाचल्यावर माझ्या तक्त्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले. निर्णय होत नाही म्हणजे माहिती अपुरी आहे, असे मी धरून चालले होते आणि म्हणून रकाने वाढवत होते. प्रत्यक्षात निर्णय होत नव्हता, कारण ठरवण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते.

निवडीच्या शास्त्रात आणखी एक जुना आणि कामाचा विचार आहे. अर्थशास्त्राचे १९७८ चे नोबेल मिळवणाऱ्या हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये असे मांडले होते, की प्रत्यक्ष जगात वावरणारा प्राणी सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, तर स्वतःच्या गरजेची एक पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पर्याय मिळाला की शोध थांबवतो. या वागण्याला आळस समजणे चुकीचे आहे. शोधालाही वेळ आणि शक्ती लागते, आणि तो खर्च हिशेबात धरला तर पुष्कळदा थांबणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. पर्याय जास्त असले की माणूस गोंधळतोच, असेही सरसकट म्हणता येत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा चव पाहायला थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी खरेदी केली, आणि ६ प्रकार मांडले तेव्हा सुमारे ३० टक्के लोकांनी. पण २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. २०१५ च्या आणखी एका आढाव्यात, पर्यायांची संख्या कधी त्रासदायक ठरते हे तपासले गेले, आणि आपल्याला काय हवे आहे याची स्पष्टता नसणे हे त्यातील एक महत्त्वाचे कारण असल्याचे दिसले. माझ्या बाबतीत तरी ते तंतोतंत खरे होते. अकरा मॉडेल पाहिली यात चूक नव्हती. मला काय हवे हे न ठरवता ती पाहायला लागले, ही चूक होती.

म्हणून बहिणीच्या खरेदीच्या वेळी आम्ही आधी कागदावर अटी लिहिल्या आणि मगच मॉडेल पाहिली. तिच्या फोनला चालणारी पीडी पद्धत हवी, रेटेड कपॅसिटी आणि वॅट-तास वस्तूवरच स्पष्ट छापलेले हवेत, आणि सदोष निघाल्यास बदलून मिळण्याची सोय हवी. ताऱ्यांची सरासरी आम्ही पाहिली नाही. त्याऐवजी कमी तारे देणाऱ्यांनी काय लिहिले आहे ते वाचले, आणि तेही एकाच गोष्टीसाठी : वस्तू फार तापणे, फुगणे किंवा काही आठवड्यांत बंद पडणे ही तक्रार पुन्हा पुन्हा येते का. रंग आवडला नाही किंवा पोहोचायला उशीर झाला अशा तक्रारी सोडून दिल्या. तिसऱ्या क्रमांकाला पाहिलेले मॉडेल सर्व अटी पूर्ण करणारे निघाले आणि आम्ही तिथेच थांबलो. चौथे अधिक चांगले असण्याची शक्यता होती, याची जाणीव आम्हा दोघींनाही होती.

वापरात जो एकमेव ठळक फरक जाणवला, तो माझ्या चौदा रकान्यांत कुठेच नव्हता. ब्लूटूथ इयरफोनची डबी फार कमी विद्युतप्रवाह घेते, आणि पुष्कळशा पॉवर बँका एवढा कमी प्रवाह दिसला की काही जोडलेलेच नाही असे समजून आपोआप बंद होतात. माझी तशीच बंद होते. बहिणीच्या पॉवर बँकेत बटण दोनदा दाबले की कमी प्रवाहाची वेगळी सोय सुरू होते आणि डबी पूर्ण भरते. ज्यांच्याकडे असे इयरफोन किंवा मनगटी घड्याळ आहे, त्यांनी आपल्या अटींत ही एक ओळ अवश्य घालावी. आणखी एक गोष्ट पॉवर बँक भरण्याच्या वेळेबद्दल. ३७ वॅट-तासांची पॉवर बँक ५ वॅटच्या जुन्या चार्जरवर भरायला संपूर्ण रात्र घेते, तर १८ वॅटच्या चार्जरवर ती अडीच ते तीन तासांत भरते. मॉडेलमॉडेलमधल्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि त्यासाठी नवी वस्तू निवडण्याची गरजच पडत नाही.

काही ठिकाणी मात्र घाई अजिबात करू नये, हे मी कळकळीने सांगते. लिथियम बॅटरी निकृष्ट असेल तर ती पेट घेऊ शकते. त्यामुळे उत्पादकाचा पत्ता नसलेली, वॅट-तास न छापलेली किंवा अशक्य वाटणारी क्षमता सांगणारी वस्तू पहिल्याच फेरीत बाद करावी, तिथे तुलना करूच नये. लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर वॅटच्या आकड्याला खरोखरच अर्थ येतो, आणि तो आधी तपासावा लागतो. विमानप्रवासात पॉवर बँक सोबतच्या सामानातच ठेवावी लागते, आणि सर्वसाधारण नियमानुसार १०० वॅट-तासांपर्यंतच ती विशेष परवानगीशिवाय नेता येते. १०,००० एमएएचची ३७ आणि २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॅट-तासांची असल्याने या दोन्ही त्या मर्यादेत बसतात. वापरात असलेली पॉवर बँक फुगलेली दिसली, तर ती लगेच बाजूला काढावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावी.

सहा महिन्यांनंतर दोन्हींना मी सारखेच गुण देते. आकडा दाखवणारा पडदा सोयीचा आहे, पण चार दिव्यांनीही काम अडत नाही. बहिणीने तिची पॉवर बँक घेतल्यानंतर पुन्हा कोणतेही मॉडेल उघडून पाहिले नाही, आणि पहिल्या आठवड्यापासूनच ती तिच्यावर खूश होती. मी मात्र खरेदीनंतरही दोन आठवडे मागे सोडलेल्या मॉडेलची पाने वाचत होते, आणि त्या काळात हातातली उत्तम चालणारी वस्तू मला उगाचच उणी वाटत होती. ती पाने मी पाहणे बंद केल्यावर माझ्या पॉवर बँकेविषयीची नाराजी संपली. आता इयरफोन भरायचे असले की बहिणीची पॉवर बँक मागून घेते, आणि बाकी सगळ्यासाठी माझी पुरते.