वक्तृत्व मंडळ की रासेयो?

पहिल्या वर्षाचे प्रवेश आटोपले की कॉलेजच्या सूचनाफलकावर दोन कागद शेजारी शेजारी लागतात. एक वक्तृत्व-वादविवाद मंडळाचा, दुसरा राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे रासेयोचा. चार लोकांत नीट बोलता यावं म्हणून नाव द्यायचं, तर बहुतेकांचा हात आपोआप पहिल्या कागदाकडे जातो. दोन्हीकडे नाव देता येतं, पण जळगाव-धुळे-नंदुरबारकडची कितीतरी मुलं एसटीच्या पासावर शिकतात आणि गावाची शेवटची गाडी गाठायची तर दोन्हींना पुरेल एवढी संध्याकाळ उरत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितो. बसस्टँडसमोरचा स्पोकन इंग्लिशचा क्लास इथे मोजलेला नाही. इंग्रजीसाठी तो ठीक आहे, संवादाचा मुद्दा वेगळा.

वक्तृत्वाची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. सात मिनिटांचं भाषण म्हणजे अंदाजे सातशे शब्द. इशाऱ्याची घंटा सहाव्या मिनिटाला झाली की अर्ध्या लोकांची शेवटची दोन पानं एकमेकांत मिसळतात. म्हणून मजकूर साडेसहा मिनिटांचाच बांधायचा, कारण उरलेला अर्धा मिनिट सुरुवातीची शांतता आणि मधला दम खातो. अशी काटछाट इतर कुठे कोणी शिकवत नाही. माइकपासून वीतभर अंतर ठेवणं, वाक्य संपण्याआधी श्वास न सोडणं, हातात कागद न घेता मुद्द्यांचा क्रम लक्षात ठेवणं, हे सगळं इथे पक्कं होतं. 'ळ'सुद्धा सुधारतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात वाढून 'केयी' म्हणणाऱ्याचे गुण कापले जातात, हे मला कधीच पटलं नाही, पण कापले जातात खरे.

माझा निर्णय अडला तो एका गोष्टीवर. स्पर्धेचा सूर.

स्पर्धेचे विषय ढोबळ असतात, त्यामुळे एकच भाषण पहिला आणि शेवटचा परिच्छेद बदलून वर्षभर फिरवता येतं. वाक्य कुठे उंचवायचं, कुठे थांबायचं, टाळी कोणत्या शब्दावर येते, हे पाठ होतं. समोरचे लोक खुर्चीला बांधलेले असतात. मध्येच कोणी उठत नाही, कोणी 'म्हणजे काय?' विचारत नाही. दोन वर्षांनी हा सूर गळ्यातच मुरतो. मग मुलाखतीत 'तुमच्या तालुक्यात पाण्याची काय अडचण आहे?' असं साधं विचारलं तरी उत्तर 'आजच्या या एकविसाव्या शतकात…' असं सुरू होतं आणि समोरचा माणूस कागदावर काहीतरी लिहू लागतो. गटचर्चेत तर हा सूर जास्तच बोचतो. बोलणारा दुसऱ्याचं वाक्य ऐकतच नाही, आपल्या घंटेची वाट पाहत बसतो. वादविवादात हे थोडं कमी होतं, कारण तिथे प्रतिपक्षाचा मुद्दा खोडायचा तर आधी तो कानावर घ्यावा लागतो.

रासेयोकडे यायचं तर पाठांतराला तिथे जागाच नाही. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, हा ढाचा सगळ्यांना ठाऊक आहे. बोलणं शिकवतं ते शिबिरातलं घरोघरचं सर्वेक्षण. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर दारं बंद असतात, म्हणून लवकर किंवा दिवेलागणीला जायचं. जोडीने जायचं, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. दोघेही लिहू लागले की घरातली माणसं गप्प होतात. कोण, कुठल्या कॉलेजचे, किती मिनिटं लागतील, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. 'शौचालय आहे का?' या प्रश्नाने सुरुवात केली तर सरकारी चौकशी समजून सगळेच 'हो' म्हणतात. 'पानी कथाईन आनतस?' (पाणी कुठून आणता?) असं इथल्या अहिराणी बोलीत विचारलं की बाई हंडा खाली ठेवून बोलायला लागते. सातपुड्यातल्या पाड्यावर गावचाच एखादा मुलगा दुभाषा म्हणून सोबत घ्यायचा आणि एकेक वाक्यानंतर थांबायचं. तीन वाक्यं एकदम बोललात तर तो मधलं गाळतो.

चूक लगेच कळते, हा इथला मोठा फायदा. प्रश्न कंटाळवाणा असेल तर आजी उठून चुलीकडे जाते. परीक्षकाच्या गुणपत्रिकेपेक्षा मला ही पावती खरी वाटते.

सर्वेक्षणात मिळालेल्या माहितीवर पुढचं काम उभं करता येतं. नळयोजनेचं काय झालं, हे माहिती अधिकारात विचारायचं तर राज्यात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दीडशे शब्दांत नेमकं मागणं बसवणं सातशे शब्दांच्या भाषणापेक्षा अवघड जातं, करून पाहा. हाच प्रश्न ग्रामसभेतही मांडता येतो. अठरा पूर्ण होऊन गावच्या यादीत नाव आलं की तिथे उठून बोलायचा हक्क तुम्हालाही आहे. त्या सभेत घंटा नसते, पण लोक मध्येच तोडतात.

रासेयोत दोष नाहीत असं नाही. सगळं शिबिर श्रमदान, स्वयंपाक आणि पाहुण्यांच्या लांबलचक भाषणांत वाहून जाऊ शकतं. मुलींच्या वाट्याला रांगोळी आणि स्वागतगीत येतं, मोजकी पाच मुलं सर्वेक्षण करतात आणि बाकीचे फोटोत उभे राहतात. असं शिबिर वाट्याला आलं तर वक्तृत्व मंडळ केव्हाही चांगलं. ज्यांना शिक्षकी पेशात किंवा वकिलीत जायचंय, त्यांनाही आवाजाचं शिक्षण आधी लागेल. त्यांना मी अडवणार नाही.

बाकीच्यांनी रासेयोचा अर्ज भरताना कार्यक्रम अधिकाऱ्यांना तेव्हाच सांगून ठेवावं, 'सर, मला सर्वेक्षणाच्या गटात घ्या, आणि शेवटच्या दिवशी गावासमोर निष्कर्ष सांगायला पाच मिनिटं द्या.' डिसेंबरात शिबिराची यादी लागल्यावर सांगितलं तर स्वयंपाकाच्या गटात हातात झारा येतो. आणि विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवाला जायची हौस असेल तर पाठ केलेलं वक्तृत्व सोडून वादविवादाला नाव द्या.