एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीचं खातं: लहान संस्थेनं घ्यावं का?

परदेशातून कुणी देणगी देतो म्हटलं की कार्यकारिणीच्या बैठकीत लगेच ठराव होतो, ‘एफसीआरए काढून घेऊ.’ तलाठ्याकडून सातबारा आणावा तसं! एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांवर (कायद्याच्या भाषेत ‘परकीय अंशदान’) नियंत्रण ठेवणारा ‘परकीय अंशदान (विनियमन) कायदा’. म्हणून त्याखालची नोंदणी, तिच्याबरोबर येणारं दिल्लीचं खातं आणि दरवर्षीची कागदपत्रं, असं सगळं मिळून एकच सेवा धरून इथं तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो. वर्षाला चाळीस-पन्नास लाखांचा परकीय निधी खरोखर दिसत असेल आणि हिशेबाला पगारी माणूस असेल तर जरूर घ्या. गावच्या वाचनालयाला वर्षाकाठी दोन-तीन लाख मिळणार असतील तर या वाटेला जाऊ नका. पाचपैकी अडीच तारे, त्यातला अर्धा तारा अर्ज घरबसल्या भरता येतो म्हणून.

मुळात येणारा पैसा परकीय आहे का, हे आधी बघा. कायदा चलन बघत नाही, देणाऱ्याचं नागरिकत्व बघतो. न्यू जर्सीतला पुतण्या ग्रीन कार्डवर असेल, पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ते परकीय अंशदान नाही. त्याला एफसीआरए लागत नाही. उलट, अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) कोथरूडमध्ये राहणाऱ्या काकांनी पुण्यातल्या बँकेचा रुपयांतला धनादेश दिला तरी ते परकीय अंशदान ठरतं. पाहुण्याला नकार देणं जिवावर येतं, पण नोंदणी नसताना तो धनादेश भरायचा नाही. तिकडच्या महाराष्ट्र मंडळानं स्वतःच्या खात्यातून पाठवलेली रक्कमही परकीयच, वर्गणी देणारे सगळे भारतीय पासपोर्टवाले असले तरी. कारण देणारी संस्था परदेशी. मराठी संस्थांना ‘परदेशातून’ मिळणारा बराच पैसा पुतण्याच्या जातीचा असतो. तो एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (परदेशस्थ भारतीयांची इथल्या बँकांतली खाती) रुपयांत मागवा, पासपोर्टची स्वाक्षरी केलेली प्रत पावतीला टाचून ठेवा. काम झालं.

एवढ्यानं भागत नसेल तर पात्रता बघा. संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मिळून मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. कार्यालयाचं भाडं, कारकुनाचा पगार यात धरत नाहीत. बऱ्याच अर्जांचं घोडं इथंच अडतं, कारण सीएनं जमा-खर्च पत्रकात ‘आस्थापना खर्च’ असा एकच मोठा आकडा लिहिलेला असतो आणि त्यात शिक्षिकांचे पगारही गेलेले असतात. पत्रकं तयार होतानाच उद्देशनिहाय खर्च वेगळा दाखवायला सांगा. तीन वर्षांचं लेखापरीक्षण झाल्यावर हे दुरुस्त होत नाही.

पुढचा टप्पा खात्याचा. २०२० च्या दुरुस्तीपासून परकीय निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत घेता येतो. पत्ता ११, संसद मार्ग. शाखा क्रमांक ००६९१. या दुरुस्तीला आव्हान दिलं गेलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीच्या खात्याची अट कायम ठेवली. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेच्या शाखेतून कागद पुढे जातात. नोंदणीसाठी ‘एफसी-३ए’ अर्ज भरायचा, त्यातच या खात्याचा तपशील द्यायचा आणि सर्व पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक. पुढे हा पैसा तुमच्या नेहमीच्या बँकेत उघडलेल्या वेगळ्या एफसीआरए खात्यात आणि तिथून वापर खात्यांत (प्रत्यक्ष खर्च करायच्या खात्यांत) नेता येतो. नवं वापर खातं उघडलं की ४५ दिवसांत ते कळवणारा ‘एफसी-६डी’ अर्ज भरायचा.

या साखळीतल्या कुठल्याच खात्यात देशातला एक रुपयाही पडता कामा नये. पडतो कसा? वार्षिक मेळाव्याच्या पत्रिकेवर छापायचा क्यूआर कोड कुणीतरी चुकीच्या खात्याचा देतं, आणि जेवणाच्या दीड-दीडशे रुपयांच्या वर्गण्या तिथं जाऊन बसतात. झाली सरमिसळ. त्या खात्यांना क्यूआर कोड काढूच नका. खात्यावर मिळालेलं व्याजही परकीय अंशदानातच मोजायचं, हे विसरलं की वार्षिक विवरण जुळत नाही.

आता सगळ्यात जास्त डोकेदुखीची गोष्ट: नावं. महाराष्ट्रातल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची यादी एकाच वेळी चार ठिकाणी असते. धर्मादाय कार्यालयातली परिशिष्ट एकची (विश्वस्तांच्या अधिकृत नोंदवहीची) नोंद, नीती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांसाठीचं दर्पण पोर्टल, आयकराचं पोर्टल आणि एफसीआरएचं पोर्टल. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली, सचिव बदलले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा, एफसीआरए पोर्टलवर हाच बदल कळवणारा ‘एफसी-६ई’ ४५ दिवसांत. बदल अर्ज दाखल करणं आपल्या हातात असतं, मंजुरी नसते. तोवर परिशिष्टावर जुनेच विश्वस्त, प्रसंगी वारलेलेसुद्धा. दर्पणचा ओटीपी माजी सचिवांच्या मोबाइलवर जातो, आणि ते रुसून बसलेले असले तर विचारूच नका. त्यात आधारवर ‘दत्तात्रय’, पॅनवर ‘दत्तात्रेय’, परिशिष्टावर आडनाव आधी आणि दर्पणवर वडिलांचं नाव गायब. अर्ज तपासणाऱ्याच्या लेखी ही चार वेगळी माणसं. निवडणूक झाल्याच्या आठवड्यातच चारही ठिकाणची नावं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढा. आधार प्रमाण मानून बाकीची दुरुस्त करा आणि बदल अर्जाची पोच जपून ठेवा. संस्थेचा एक कायमचा मोबाइल क्रमांक घेऊन तोच सगळीकडे द्या.

खर्चाची मर्यादा ही दुसरी अडचण. प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्के चालत होता, २०२० पासून २०. दहा लाख आले तर दोन लाखांत भाडं, हिशेबनीस, लेखापरीक्षणाची फी, फोन, गाडी सगळं बसवायचं. शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार मात्र यात धरत नाहीत, तो थेट कामाचा खर्च. वाद होतो तो ‘प्रकल्प समन्वयक’ या माणसावरून. तो खरोखर गावोगाव हिंडत असेल तर नेमणूकपत्रात तसं काम लिहा, दौऱ्याची नोंदवही ठेवा. नुसत्या हुद्द्यावर गेलं तर तो प्रशासनात मोजला जाईल. टक्केवारी त्या आर्थिक वर्षात आलेल्या रकमेवर असते, म्हणून मार्चचा हप्ता एप्रिलवर गेला की त्या वर्षाचं गणित कोसळतं. हप्त्यांच्या तारखा देणगीदाराशी आधीच बोलून घ्या.

हा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, ती एफसीआरए नोंदणीकृत असली तरी. शहरातली मोठी संस्था पैसा आणायची आणि तालुक्यातल्या चार लहान संस्थांना वाटायची, ही जुनी पद्धत त्यामुळे बंद पडली. ‘आमच्या नोंदणीवर मागवतो, तुम्हाला देतो’ असं कुणी म्हणालं तर हात जोडा.

वार्षिक विवरण म्हणजे ‘एफसी-४’, मुदत ३१ डिसेंबर. वर्षभरात छदाम आला नसला तरी शून्याचं विवरण भरावंच लागतं. सीएचं प्रमाणपत्र, ताळेबंद, जमा-खर्च आणि पैशाची आवक-जावक दाखवणारं पत्रक सोबत. भरण्याआधी आरंभीची शिल्लक गेल्या वर्षीच्या अखेरच्या शिलकीशी पैशापर्यंत जुळवा.

नोंदणी पाच वर्षांची. नूतनीकरणाचा ‘एफसी-३सी’ अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायचा. गृह मंत्रालयानं एप्रिल २०२५ मध्ये किमान चार महिने आधी करा असं कळवलं आहे, म्हणजे हाताशी खरे दोनच महिने. मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही तर नवा पैसा घेता येत नाही, खात्यातला जुनाही वापरता येत नाही. मुलांच्या वसतिगृहाचा किराणा या निधीतून भरत असाल तर तीन महिन्यांचा खर्च देशी निधीत वेगळा ठेवाच. नोंदणी रद्द झाली तर तीन वर्षं पुन्हा अर्ज नाही, आणि परकीय निधीतून उभी राहिलेली इमारतही सरकारनं नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते. वास्तू बांधायची असेल तर देशी पैशातून बांधा आणि परकीय निधी चालू खर्चाला ठेवा, हे आमचं स्पष्ट मत.

एकच देणगीदार, एकच काम असेल तर पूर्वपरवानगी हा जास्त शहाणा पर्याय. ‘एफसी-३बी’ अर्ज, ठरलेली रक्कम, ठरलेला हेतू. एप्रिल २०२५ पासून मंजुरीनंतर तीन वर्षांत पैसा घ्यायचा आणि चार वर्षांत खर्चायचा अशी मुदत आहे. दिल्लीचं खातं यालाही लागतं, पण दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा घोर नाही. सगळी मदार देणगीदाराच्या हमीपत्रावर असते. त्यात रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, कामाचं नाव आणि संस्थेचं नाव परिशिष्ट एकवर आहे तसंच हवं. ‘सुमारे’ असा शब्द दिसला तर पत्र परत पाठवून नवं मागवा.