सुयांसाठी काय शिवावं, वही की उशी?

कापडाचे उरलेले तुकडे आहेत, सुया ठेवायला काहीतरी शिवायचंय आणि त्यावर हाताने भरतकामही हवंय. अशा वेळी दोनच गोष्टी समोर येतात: कापडी पानांची छोटी वही, नाहीतर भरलेली उशी, म्हणजे पिनकुशन.

शिवायला उशी सोपी. दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन शिवले, थोडं तोंड ठेवून उलटवले, गच्च भरले की झालं. पण पिना टोचायची जागा नेमकी मधोमध, आणि फूलही आपण तिथेच भरतो! रोज टोचून टोचून दोरे पिंजतात, लांब भरीव टाके ओघळतात. उशीच करायची तर नक्षी कडेने ठेवा, साखळी टाका किंवा उलटी टीप. आणखी एक त्रास म्हणजे बिनडोक्याची सुई खोल टोचली तर आत गडप होते आणि कधीतरी बोटात घुसते.

वहीत सुया आतल्या पानांत टोचतात, कव्हरला भोक पडत नाही. त्यामुळे भरतकामाची हौस असेल तर मी डोळे मिटून वही सुचवेन. मिटल्यावर १० सेंटिमीटर चौरस हवी असेल तर कव्हर १० × २० घ्या, चारही बाजूंनी १ सेंटिमीटर शिलाईला सोडा. डावीकडून उघडणारी असेल तर नक्षी उजव्या अर्ध्या भागात. आधी भरतकाम करा, मग कापा. तुकडा भरतकामाच्या रिंगेत बसत नसेल तर कडांना जुनं कापड कच्च्या टाक्यांनी जोडा, नंतर उसवा. मागच्या गाठी अस्तराखाली जातात. पानं फेल्टची (न विणता दाबून केलेल्या कापडाची) बरी, कडा उसवत नाहीत; सुती पानांना कडेने काज टाका घालावा लागतो, आणि ते काम कंटाळवाणं आहे. पानावर सुईचा नंबर भरून ठेवला तर शोधाशोध वाचते (हाताने शिवायच्या सुयांत नंबर मोठा तितकी सुई बारीक). बंद करायला टिचबटण लावा. लोहचुंबक नको, सुया एकमेकींना चिकटतात.

मात्र मशीनवर शिवताना एका हाताने कापड धरून दुसऱ्याने पिना काढायच्या असतील, तर वहीचा उपयोग नाही. मण्यांच्या डोक्याच्या पिनांनी ती फुगते, मिटतही नाही. तिथे उशीच हवी, आणि भरतकाम साधं ठेवलेलं बरं.