सोळा लिटरचा ओटीजी आणि कमी खाणाऱ्यांचा नाताळ: सात महिन्यांनंतर

जूनमध्ये घेतला, आता जानेवारी उजाडला. जवळजवळ एक दिवसाआड वापरून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण चार दिवस वापरून लिहिलेले अनुभव वाचून मी एकदा फसले आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन, 16 लिटरचा, 1200 वॉटचा, वर-खाली रॉड, 100 ते 250 डिग्रीचा डायल आणि चावीसारखा फिरणारा 60 मिनिटांचा टायमर. आत दिवा नाही, पंखा नाही. साडेचार हजारांच्या आत मिळाला.

एवढा छोटा का घेतला, तर घरच आता छोटं झालंय. आम्ही वसईचे. पूर्वी नाताळच्या दुपारी आमच्या ओटीवर वीस-बावीस माणसं जेवायची. आता सासूबाई 84 वर्षांच्या, सासरे 87, त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, 79, आणि आम्ही दोघं. मुलं परदेशात, त्यांना फोनवर ताट दाखवायचं. आईंचं जेवण म्हणजे अर्धी चपाती आणि दोन घास भात. पप्पांची कवळी नीट बसत नाही. आत्यांना इतक्या गोळ्या आहेत की तोंडाला चव म्हणून राहिलेली नाही.

तरी हात जुन्याच मापाने चालायचा. अडीच किलो पोर्कचं इंद्याल (व्हिनेगर घातलेला रस्सा), बदकाचं मोइल (तेही रश्श्याचंच), ऐंशी फुगे (मैद्याचे तळलेले गोल पाव). आई भरलेलं ताट बघूनच म्हणायच्या, "काढ गं बाई, एवढं कोण खाणार?" आणि खरंच खायच्या नाहीत. ओटीजी घ्यायच्या आधीच्या नाताळला मी उलट टोक गाठलं. म्हटलं खात नाहीत ना, मग फक्त इंद्याल आणि भात. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी पप्पांनी एवढंच विचारलं, "यंदा रोस्ट नव्हता का?" ते फार लागलं मला.

ओटीजी त्या प्रश्नातून आला.

पहिले दोन महिने नुसती ओळख करून घेण्यात गेले. डायलवर 180 ठेवलं की आत 205 होतं. हे कळलं ते आत ठेवायचा छोटा थर्मामीटर विकत घेतल्यावर. तोवर तीन केक वरून काळे आणि आतून ओले निघाले होते. मागचा उजवा कोपरा इतरांपेक्षा तापट आहे, त्यामुळे अर्ध्या वेळात ट्रे फिरवावाच लागतो. टायमर पाच मिनिटांवर थेट लावला तर घंटा वाजतच नाही; आधी वीसपर्यंत फिरवून मग मागे आणायचा. या खोडी एकदा समजल्या की त्रास नाही, पण पुस्तिकेत यातलं अक्षरही नाही.

ऑगस्टमध्ये सहा खळग्यांचा मफिन ट्रे आणला आणि तिथे गोष्ट बदलली. पोटॅटो चॉपचं सगळं सामान घरात होतं, पण तळायचा कंटाळा आला होता. म्हणून उकडलेला बटाटा लोणी घालून मऊ कुस्करला, खळग्यांना आतून लावला, मधे मटणाचा खिमा, वर पुन्हा बटाटा आणि चिमूटभर ब्रेडचा चुरा. वीस मिनिटांनी सहा सोनेरी वाट्या तयार. आत्यांच्या बशीत एक ठेवली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही माझी एकटीची?" पूर्ण संपवली. त्याच आत्या मोठ्या बेकिंग डिशमधून काढून वाढलेला तेवढाच चौकोन अर्धा टाकतात, हे मी पाहिलं होतं. पुढे मुद्दाम तीन-चार पदार्थांवर करून पाहिलं, दरवेळी तेच. मोठ्यातला तुकडा वाढला की त्यांना वाटतं आपल्याला कापून दिलंय. अख्खी वस्तू, पण लहान, समोर आली की ती आपली असते. मोठ्या ओव्हनमध्ये अशा सहा वाट्या करायला कुणी बसत नाही. या ओव्हनमध्ये सहाच मावतात, म्हणून सहाच होतात.

ऑक्टोबरमध्ये रोस्टची रंगीत तालीम केली आणि ती पार फसली. 1 किलो 400 ग्रॅमची कोंबडी आणली. तिची छाती वरच्या रॉडला जवळजवळ टेकली, चरबी उडाली, स्वयंपाकघरात धूर, आणि मांडी अजून गुलाबी. सोळा लिटर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण उंचीने मार खातो. त्यानंतर चिकनवाल्याला सांगून ठेवलं, साफ करून 700 ग्रॅमची, आणि कातडीसकट. हे "कातडीसकट" दोनदा बजावावं लागतं, नाहीतर तो सवयीने सोलून मोकळा होतो, आणि कातडीविना रोस्ट म्हणजे वाळलेलं चिकन.

नाताळचा बेत असा होता. इंद्याल अर्धा किलोचं, 23 तारखेलाच केलेलं, कारण व्हिनेगरचं पोर्क दोन दिवस मुरल्याशिवाय बोलत नाही. पप्पांच्या कवळीसाठी तुकडे बोराएवढे आणि दोन शिट्ट्या जास्त. खिम्याच्या वाट्या सहा. रोस्ट एक. फुगे फक्त पंधरा, लिंबाएवढे. फुगे ओव्हनमध्ये करून पाहिले होते, सांगून ठेवते, करू नका. नारळाचं दूध, अंडं, यीस्ट सगळं तेच घातलं तरी बाहेर येतो तो पाव. फुगा तेलातच फुगतो. शेवटी रममध्ये भिजवलेल्या मनुका-खजुराचे सहा छोटे केक, तेही त्याच खळग्यांत, आदल्या दिवशी केलेले. बदक यंदा नाही.

सूप काढून टाकलं. पूर्वी पाहुणचार म्हणून आधी सूप असायचं आणि या तिघांचं पोट तिथेच भरायचं. जेवण रात्री चर्चमधल्या मिस्सेनंतर न ठेवता 25 ला दुपारी साडेबाराला ठेवलं. सकाळी नाश्ता आठला, आणि दहानंतर चहा-नेवऱ्या बंद. आत्या रुसल्या थोड्या. मोठी ताटं कपाटात राहिली, क्वार्टर प्लेट काढल्या. आधी कोंबडी आणि इंद्याल वाढलं, फुगे मागून. भूक असते तोवर पोटात मांस जावं, मैदा काय नंतरही जातो.

रोस्टचं भरण आईंच्या पद्धतीचं: बटाटा, बारीक चिरलेली कलेजी-पेटा, भिजवलेला पाव, कांदा, थोडं व्हिनेगर आणि बॉटल मसाला. हा मसाला आमच्याकडे उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नाव बॉटल. चव हरवलेल्या जिभेला तो बरोबर जागवतो, पण तिखट बेताचं ठेवलं. भरण आधीच पूर्ण शिजवून गरम असताना भरलं, कारण कच्चं भरण आत नीट शिजेल याचा या आकाराच्या ओव्हनमध्ये भरवसा नाही. थर्मामीटरवर 190 दिसतंय याची खात्री करून वीस मिनिटं, मग छातीवर फॉइल टाकून 170 वर पस्तीस मिनिटं. मांसात खुपसायच्या थर्मामीटरची सुई मांडीच्या जाड भागात घातली, 74 डिग्री पार झालं, मग भरणातही बघितलं. बाहेर काढून दहा मिनिटं तशीच ठेवली, तेवढ्यात वाट्या आत गरम झाल्या. ओव्हन एकच असला की ही अशी कसरत आलीच.

मधे लाइट गेली! पस्तीसमधली अकरा मिनिटं उरलेली. दार उघडलं नाही, आतली ऊब तशीच राहिली, पंधरा मिनिटांनी लाइट आल्यावर पुन्हा दहा मिनिटं दिली. फरक जाणवला नाही. टायमर चावीचा असल्यामुळे मात्र लाइट नसतानाही टिकटिक चालूच राहतो आणि आपण फसतो.

कोंबडी टेबलावर अख्खी आली. छोटी होती, पण अख्खी. पप्पांनी सुरी मागितली आणि हात थरथरत असतानाही पहिला काप स्वतः घेतला. आईंनी अर्धी वाटी, कोंबडीचे दोन काप, दोन फुगे आणि केक खाल्ला, वर इंद्यालचा रस्सा फुग्याने पुसून घेतला. त्यांच्या मानाने ही मेजवानीच.

तक्रारी आहेत. काचेचं दार हाताला चटका बसेल इतकं तापतं, त्यामुळे म्हातारी माणसं घरात असतील तर ओव्हन ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवा. खालचा, चुरा पडायचा ट्रे नीट सरकत नाही. एक्स्टेंशन बोर्डवर लावला होता तेव्हा बोर्ड गरम व्हायला लागला, आता थेट भिंतीच्या सॉकेटवर आणि त्याच वेळी मिक्सर बंद. विजेची भीती होती, पण तासाला एक युनिटच्या आसपासच जातं, रॉड काही सतत पेटलेला नसतो. दाराच्या हँडलचा स्क्रू दोनदा ढिला झाला. दुकानदार म्हणाला सर्व्हिसवाल्यांना फोन करा, सर्व्हिसवाले म्हणाले दुकानात घेऊन जा.

सहा जणांहून जास्त माणसं असतील तर हा घेऊ नका. पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा त्या डायलचा कापला, एक त्या हँडलचा.

उरलं काय, तर इंद्याल वाटीभर आणि फुगे चार. एक वाटी आणि एक केकही उरला होता, पण रात्री बघते तर केकची जागा रिकामी. आत्या म्हणाल्या, मांजर आलं असेल. स्क्रू मी सुरीच्या टोकाने आवळलाय, बघू किती दिवस टिकतो.